मेल गेला, पण पोचला का?

समजा, रात्रीचे अडीच वाजले आहेत. मेडिसिन वॉर्डातल्या मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाचे रक्त प्रयोगशाळेत तपासले गेले आणि पोटॅशियम ७.१ निघाले. निरोगी माणसात ते साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर असते. ते ६.५च्या पुढे गेले, की हृदयाची लय बिघडण्याचा, प्रसंगी हृदय बंद पडण्याचा धोका असतो. कॅल्शियमचे इंजेक्शन, ग्लुकोजसोबत इन्सुलिन हे उपचार वॉर्डातच लगेच सुरू करता येतात. मात्र त्यासाठी निकाल ड्यूटीवरच्या डॉक्टरपर्यंत पोचायला हवा.

अशा निकालाला ‘क्रिटिकल व्हॅल्यू’ म्हणतात. १९७२मध्ये अमेरिकेतील पॅथॉलॉजिस्ट जॉर्ज लुंडबर्ग यांनी ही कल्पना मांडली. जीव धोक्यात असल्याचे दाखवणारा आकडा दिसला, की रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरला कळवायचे. आता अनेक रुग्णालयांत तपासणी यंत्रातला आकडा थेट संगणकाच्या डेटाबेसमध्ये जातो. मग सर्व्हरच डॉक्टरला ईमेल पाठवील, अशी सोय करण्याचा मोह होतो. ती करायलाही हरकत नाही. पण तिची मर्यादा ओळखून.

डेटाबेस सर्व्हर स्वतः टपाल वाटत नाही. तो मजकूर मेल सर्व्हरकडे सोपवतो. मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर’मध्ये मेल पाठवण्याची आज्ञा दिली, की ‘मेल क्यूड’ असे उत्तर येते. याचा अर्थ एवढाच, की मेल रांगेत लागला. पुढे पासवर्ड बदललेला असेल, पत्ता चुकलेला असेल किंवा मेल स्पॅममध्ये गेला असेल, तर रांगेतल्या त्या नोंदीचा रुग्णाला काहीच उपयोग नाही. ईमेलच्या नियमांनुसार पलीकडचा सर्व्हर बंद असेल, तर पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहायचे असते. हार मानण्याआधी चार-पाच दिवसही जाऊ शकतात. ७.१ पोटॅशियमला तेवढा धीर नसतो.

म्हणून सोय करताना काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. मेल व्यक्तीच्या पत्त्यावर नको, ड्यूटीच्या पत्त्यावर हवा. निवासी डॉक्टरांच्या नेमणुका बदलत असतात. जुना पत्ता तसाच राहिला, तर वॉर्ड सोडून गेलेल्या डॉक्टरला सूचना मिळत राहते. मेलच्या विषयात रुग्णाचे नाव आणि आजार लिहू नये. वॉर्ड व खाट क्रमांक पुरे. रोज ठरलेल्या वेळी एक चाचणी मेल यावा. तो आला नाही, तर व्यवस्था बिघडली आहे हे तरी कळते. नाहीतर शांतता म्हणजे सारे ठीक, असा गैरसमज होतो.

आणखी एक धोका म्हणजे सूचनांचा सुकाळ. थोडा कमी-जास्त आलेला प्रत्येक आकडा कळवला, तर दिवसाला शंभर मेल येतील आणि खरा धोक्याचा मेल त्यांत बुडून जाईल. ‘लांडगा आला रे’ची गोष्ट रुग्णालयातही घडते.

बॅकअप झाला नाही, सर्व्हरची जागा भरत आली, यंत्राकडून निकाल येणे थांबले, अशा कामांसाठी ईमेल उत्तम. जिवावरच्या निकालासाठी मात्र फोनच हवा. ऐकणाऱ्याने रुग्णाचे नाव व आकडा उलट वाचून दाखवायचा आणि वेळ नोंदवायची. संभाषणाचा आणखी एक फायदा असतो. नमुना घेताना किंवा नेताना रक्तपेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. फोनवर ही शंका तिथल्या तिथे बोलता येते. ईसीजी काढून नवा नमुना पाठवता येतो. मेल असे काही विचारत नाही.

वॉर्डातल्या रुग्णाजवळ निदान सिस्टर असते. बाह्यरुग्ण विभागात रक्त देऊन घरी गेलेल्याला शोधायचे कसे? केसपेपरवर चालू मोबाइल क्रमांक लिहिला आहे ना, हे प्रत्येकाने पाहावे. क्रमांक बदलला असेल, तर खिडकीवर सांगून दुरुस्त करून घ्यावा. प्रयोगशाळेने बोलावले, तर ‘बरे वाटतेय, उद्या जाऊ’ म्हणू नये. पोटॅशियम वाढल्याचे अनेकांना शेवटपर्यंत जाणवतही नाही.