नवा संगणक घेण्याआधी जुन्याची रॅम पाहा

आपल्या अनेक घरांत एका कोपऱ्यात डेस्कटॉप संगणक असतो. काहींनी तो २०२० च्या टाळेबंदीत मुलांच्या ऑनलाइन वर्गांसाठी घेतला, काहींना तो एखाद्या कार्यालयातून जुना मिळाला. आज त्यावर मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरते, मुलगा अकाउंटिंग शिकतो, अब्बू दुकानाची बिले काढतात. पण संगणक सुरू व्हायलाच पाच मिनिटे लागतात. अर्ज भरता भरता पान अडकते आणि केलेले काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. मग घरात निर्णय होतो, ‘हा आता गेला, नवा घेऊ.’ हातात तेवढी रक्कम नसते. दुकानदार हप्त्यांचा मार्ग दाखवतो आणि जे घर एरवी व्याजापासून दूर राहायची धडपड करते, ते एका यंत्रासाठी व्याजाच्या कागदावर सही करते.

आमचे म्हणणे एवढेच आहे की ही सही करण्यापूर्वी एक संध्याकाळ जुन्या संगणकाला द्यावी. पुष्कळदा त्याला खरी अडचण असते ती अपुऱ्या मेमरीची, म्हणजे रॅमची. ती वाढवण्याचा खर्च नव्या संगणकाच्या तुलनेत थोडा असतो आणि काम घरी करता येण्याजोगे आहे. प्रेषित (स.) आपल्या चपला स्वतः दुरुस्त करीत, कपड्यांना स्वतः टाके घालीत, हे आपण मुलांना सांगतो. वस्तू टाकण्याआधी ती दुरुस्त होते का, हे पाहण्याची सवयही त्यातच आली.

ओटा आणि माळा

स्वयंपाकघराचे उदाहरण घेऊ. माळ्यावर वर्षाचे सामान असते, पण स्वयंपाक ओट्यावर होतो. हार्ड डिस्क हा संगणकाचा माळा. फोटो, फायली, प्रोग्रॅम सगळे तिथे साठवलेले असते आणि वीज गेली तरी राहते. रॅम म्हणजे ओटा. जे काम आत्ता चालू आहे ते तिथे मांडलेले असते आणि संगणक बंद केला की ओटा रिकामा होतो.

ओटा लहान असेल तर एक डबा ठेवण्यासाठी दुसरा माळ्यावर चढवावा लागतो, मग तो हवा झाला की पुन्हा उतरवावा लागतो. रॅम भरली की संगणकही हेच करतो. चालू कामाचा काही भाग डिस्कवर ठेवतो आणि पुन्हा उचलून आणतो. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ असते, म्हणून पडदा गोठल्यासारखा वाटतो. ४ जीबी रॅमवर विंडोज १० किंवा ११ चालते, पण ब्राउझरची सात-आठ पाने, एक व्हिडिओ वर्ग आणि एक एक्सेलची फाइल एकदम उघडली की ओटा भरलाच.

आधी निदान, मग औषध

रोज जे काम करता ते सगळे उघडा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा. एकूण रॅम किती आणि वापरात किती, हे समोर दिसेल. वापर सतत ८५–९० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅम वाढवण्यात अर्थ आहे.

मेमरी निम्मी मोकळी आहे, पण त्याच खिडकीत ‘डिस्क’ १०० टक्क्यांवर अडकली आहे, असे दिसले तर रॅमवर पैसे घालू नका. तिथे जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्याने जास्त फरक पडेल. इंटरनेट संथ असेल तर या दोन्हींचा उपयोग नाही. आणि संगणक सुरू होताच दहा प्रोग्रॅम आपोआप उघडत असतील, तर टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप’मध्ये जाऊन नको ते बंद करा. याला एक पैसाही लागत नाही, म्हणून हे सर्वांत आधी करावे.

विंडोज ३२-बिट आहे का, हेही ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’च्या ‘अबाउट’मध्ये पाहा. ३२-बिट विंडोज ४ जीबीपलीकडची रॅम वापरू शकत नाही. तिथे आधी ६४-बिट विंडोज टाकावी लागेल.

कोणती रॅम, किती रॅम

रॅमच्या पिढ्या आहेत आणि एका पिढीची रॅम दुसऱ्या पिढीच्या खाचेत बसत नाही. मेमरीच्या त्याच पानावर ‘स्पीड’ दिसतो. तो १३३३ किंवा १६०० असेल तर बहुधा डीडीआर ३, २१३३ ते ३२०० असेल तर डीडीआर ४, आणि ४८०० किंवा पुढे असेल तर डीडीआर ५. पट्टीवरच्या लेबलवरही पीसी ३, पीसी ४ किंवा पीसी ५ असे छापलेले असते. तिन्हींच्या पट्टीतला काप वेगवेगळ्या जागी असतो, तो चुकीची रॅम बसू नये यासाठीच.

‘स्लॉट्स यूज्ड’ या ओळीत एकूण खाचा किती आणि भरलेल्या किती, ते कळते. एक खाच रिकामी असेल तर जुनी पट्टी काढावीच लागत नाही. ४ जीबीच्या शेजारी आणखी ४ जीबी बसवली की ८ झाले. सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या जोडीने काम करतात आणि वेगही थोडा वाढतो. वेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या एकत्र बसवल्या तर दोन्ही कमी वेगाने चालतात. मदरबोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो, ते त्याच्या माहितीपुस्तिकेत किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून पाहता येते.

अभ्यास, अर्ज, हिशेब आणि ऑनलाइन वर्ग यांसाठी ८ जीबी पुरते. व्हिडिओ संकलन किंवा आर्किटेक्चरचे ड्रॉइंग करणाऱ्या मुलांना १६ जीबी लागेल. शेजाऱ्याने ३२ टाकली म्हणून आपणही टाकावी, हा इस्राफच झाला. वजूच्या पाण्यातही उधळपट्टी नको, असे लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

खरेदी करताना

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या प्रचंड डेटा सेंटरना मेमरी हवी आहे, आणि जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. त्यांचा कल मोठ्या गिऱ्हाइकांकडे झुकला. त्यामुळे वापरलेल्या रॅमला मागणी आली आहे. डीडीआर ३ तर बहुधा वापरलेलीच मिळते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा आपल्या गावातल्या संगणकाच्या दुकानात जाताना जुनी पट्टी, निदान तिच्या लेबलचा फोटो, सोबत न्या. तीन गोष्टी विचारा. पट्टी डेस्कटॉपचीच आहे ना? लॅपटॉपची पट्टी लांबीने जवळजवळ निम्मी असते. मात्र काही छोट्या आणि ‘ऑल-इन-वन’ संगणकांत तीच लागते. दुसरे, ती सर्व्हरची ‘रजिस्टर्ड’ रॅम नाही ना? ती स्वस्तात मिळते, पण घरच्या साध्या संगणकात चालत नाही. तिसरे, बदलून देण्याची मुदत किती? अनेक कंपन्या नव्या रॅमवर दीर्घ मुदतीची वॉरंटी देतात, पण त्यासाठी पक्के बिल हवे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

बसवण्याची रीत

संगणक बंद करा, भिंतीवरचे बटण बंद करा आणि वायर काढून घ्या. मग संगणकाचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट आडवे ठेवून बाजूचा पत्रा उघडा. ब्रशने धूळ झटका. वीज पुरवणारा धातूचा बंद डबा मात्र कधीही उघडू नये.

गालिच्यावर उभे राहून हे काम करू नका. रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. पट्टी कडेने धरा, सोनेरी टोकांना बोट लावू नका. खाचेची खिट्टी उघडा. काही मदरबोर्डांवर ती एकाच बाजूला असते. पट्टीतला काप आणि खाचेतला उंचवटा जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्या. ‘टक’ असा आवाज येऊन खिट्टी आपोआप बसते. काप जुळत नसेल तर जोर लावू नका, तिथेच थांबा.

संगणक सुरू झाला नाही किंवा बीप वाजत राहिला, तर पुन्हा वायर काढून पट्टी नीट बसवा. बहुतेक वेळा ती पुरती बसलेली नसते. डीडीआर ५ असेल तर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो. मग टास्क मॅनेजरमध्ये नवा आकडा पाहा आणि ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ चालवून पट्टी निर्दोष आहे याची खात्री करा. ही तपासणी दुकानाची मुदत संपण्याआधीच करावी.

हे काम मुलांसोबत करा, आणि मुलींना बाजूला बसवू नका. बारीक आणि काळजीपूर्वक कामाला त्यांचा हात उत्तम बसतो. आत काय असते ते एकदा पाहिले की यंत्राची भीती जाते.

मर्यादाही ओळखा

रॅमने संगणक तरुण होत नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅमसोबत टीपीएम २.० आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचे सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर त्या यादीत आहेत. त्याहून जुन्या संगणकावर लिनक्सची मोफत प्रणाली टाकून मुलांचा अभ्यास चालवता येतो. मदरबोर्डच खराब असेल तर मात्र त्यावर खर्च करू नये. नव्या संगणकासाठी घरातल्यांनी मिळून महिन्याला थोडे बाजूला टाकावे. उशीर होईल, पण डोक्यावर व्याज राहणार नाही.

काढलेली जुनी पट्टी चालू असेल तर मोहल्ल्यातल्या मदरशाच्या, शाळेच्या किंवा एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या संगणकाला द्या. सदका केवळ नाण्यांचाच असतो असे नाही. बिघडलेली असेल तर कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. आणि विकायची असेल तर दोष सांगून विका. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओला भाग वर ठेवायला त्यांनी विक्रेत्याला सुनावले होते. रॅमच्या पट्टीतली ओल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर अधिकच येते.