निर्यातीचा गुलाब आणि वैद्याचे कर्तव्य

काही काळापूर्वी आमच्या चिकित्सालयात बुलढाणा तालुक्यातील एक भगिनी शिरःशूल, हृल्लास, भ्रम व हातांवरील कंडू या तक्रारी घेऊन आल्या. अम्लपित्त समजून आम्ही पंधरा दिवस चिकित्सा केली. उपशय मिळाला नाही. पुढे कळले की, मावळातील एका हरितगृहात गुलाबाची तोडणी व प्रतवारी करून त्या नुकत्याच परतल्या होत्या. व्यवसायाचा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता.

मावळातील तळेगाव परिसरातून १४ फेब्रुवारीच्या सुमारास मोठ्या प्रमाणावर गुलाब परदेशी जातात. निर्यातीच्या फुलावर कीड चालत नाही. म्हणून भुरी, फुलकिडे, लाल कोळी यांवर वारंवार फवारणी होते. फूल हे अन्न नसल्याने अन्नपदार्थांना असणारी कीटकनाशक-अवशेषांची मर्यादा त्यास सहसा लागू नसते. हरितगृहात वारा कमी व उष्मा अधिक असतो. फवारणीनंतर लवकर आत गेल्यास पानांवरील विष त्वचेतून, काट्यांच्या ओरखड्यांतून शरीरात शिरते. त्यामुळे ‘आम्ही फवारणी करीत नाही’ एवढ्या उत्तरावर वैद्याने थांबू नये.

कोलंबियातील बोगोटा परिसरातील ५८ कंपन्यांच्या ८,८६७ पुष्पकामगारांची पाहणी १९९० साली प्रसिद्ध झाली. त्यांचा संबंध १२७ कीटकनाशकांशी येत होता. या कामास लागल्यानंतरच्या गर्भधारणांत गर्भपात, अकालप्रसूती व जन्मजात व्यंगे यांत मध्यम वाढ आढळली. अल्प मात्रेत दीर्घकाळ साचणारे विष समजून घेताना सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील दूषीविषाची संकल्पना आपणांस साहाय्यभूत ठरते.

तीव्र विषबाधा मात्र वेगळी. लालास्राव, अतिस्वेद, टाचणीच्या टोकाएवढी बाहुली, स्नायूंचे स्फुरण व श्वासकष्ट दिसताच दूषित वस्त्रे काढावीत, त्वचा साबण-पाण्याने धुवावी व रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. तेथे ॲट्रोपीन व श्वसनास आधार मिळणे अत्यावश्यक असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विदर्भातील वैद्यांनी विसरू नये. कीटकनाशके नियम, १९७१ मध्ये संरक्षक पोशाखाची व वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे, हेही रुग्णांस सांगावे.

औषधनिर्माते बंधूंसही विनंती. बाजारात उरलेले शोभेचे गुलाब स्वस्त मिळतात म्हणून गुलकंदासाठी घेऊ नयेत. झाडात भिनणारी कीटकनाशके पाकळ्या धुतल्याने जात नाहीत. फवारणीची नोंद दाखविणाऱ्या उत्पादकाकडूनच सुगंधी देशी गुलाब घ्यावा व अवशेषांची तपासणी करून घ्यावी.

त्या भगिनीस काम थांबविल्यावर उपशय मिळाला. निदानपरिवर्जन हीच येथे पहिली चिकित्सा होती. परंतु पुढील हंगामात त्या पुन्हा मावळात गेल्या. घरी दुसरा रोजगार नव्हता. जाताना हातमोजे वापरण्यास, फवारणी केव्हा झाली हे विचारूनच आत जाण्यास आणि काम संपताच स्नान करून कपडे बदलण्यास आम्ही सांगितले. निदान एवढे तरी प्रत्येक चिकित्सालयातून सांगितले जावे.