पंपावरचा हिशेब

आपल्या घरांत ‘बायपास झाली’ म्हणतात ती गोष्ट वेगळी. पायातली शीर काढून हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला दिलेली ती वळणवाट असते. शस्त्रक्रियागृहात मात्र ‘बायपासवर घेतलं’ म्हणजे पेशंटचं रक्त नळ्यांतून बाहेरच्या यंत्रात गेलं, तिथे त्याला ऑक्सिजन मिळाला आणि ते पुन्हा महाधमनीत परतलं. तेवढा वेळ हृदय आणि फुफ्फुसं दोन्हींना सुट्टी. हे यंत्र म्हणजेच ‘पंप’, आणि ते चालवणारा तो परफ्यूजनिस्ट. ऑपरेशननंतर नातेवाईक सर्जनच्या पाया पडतात, तेव्हा तो कुणाच्या ध्यानीमनीही नसतो.

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र बंद केलं, तेव्हा २६ मिनिटं ती सर्वस्वी यंत्राच्या हवाली होती. पुढच्याच वर्षी मिनिआपोलिसमध्ये वॉल्टन लिलेहाय यांनी यंत्राचा नादच सोडला. बापाला किंवा आईला शेजारच्या टेबलावर निजवायचं आणि त्यांच्या हृदय-फुफ्फुसांच्या जोरावर लेकराचं ऑपरेशन करायचं. अशी ४५ ऑपरेशनं झाली. एका ऑपरेशनमध्ये दोन जीव जाऊ शकतात, अशी टीका तेव्हाही झालीच.

पेशंट टेबलावरून जिवंत उठेल का, ही त्या काळातली धास्ती. एकविसाव्या शतकात ती बदलली. २००१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी बायपास झालेल्या २६१ जणांची स्मरणशक्ती आणि आकलन तपासलं. घरी जाताना ५३ टक्के लोकांत घसरण दिसली, पाच वर्षांनी ४२ टक्क्यांत. खापर पंपावर फुटलं. मग धडधडत्या हृदयावरच टाके घालण्याची, म्हणजे पंपाविना बायपासची, लाट आली. आपल्याकडे तिचं भलतंच स्वागत झालं. रक्ताला ऑक्सिजन देणाऱ्या, एकदाच वापरायच्या ऑक्सिजनेटरचा खर्च वाचतो, हेही त्यामागे होतंच. पण अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २२०३ जणांवर झालेल्या ‘रूबी’ चाचणीचे पाच वर्षांचे आकडे २०१७ मध्ये आले: पंपाविना गटात १५.२ टक्के दगावले, पंपाच्या गटात ११.९. पुढे असंही दिसलं की, हृदयविकार असूनही ऑपरेशन न झालेल्यांचा मेंदूही वर्षागणिक जवळपास तेवढाच थकतो. पंपाला निर्दोष म्हणता येणार नाही, पण सगळी शिक्षा त्याला एकट्याला झाली होती.

रक्त प्लास्टिकला लागलं की शरीर खवळतं, सूज येते. मग स्टेरॉइड द्यावं, हे कुणालाही पटेल. कित्येक वर्षं दिलंही जात होतं. २०१५ मध्ये ‘सर्स’ चाचणीने ७५०७ पेशंटांवर ते तपासलं आणि मृत्यू काही कमी झाले नाहीत. मला विचाराल तर या काळातली खरी मिळकत अशा नकारांतच आहे.

होकार आले ते साध्यासुध्या ठिकाणाहून. पंपावरून उतरल्यावर मूत्रपिंडं रुसतात, ही जुनी डोकेदुखी. परफ्यूजनिस्ट पूर्वी प्रवाह आणि दाब बघायचा. २०१८ मधल्या एका चाचणीत त्याला नवा आकडा दिला गेला: शरीराच्या दर चौरस मीटरला मिनिटाला २८० मिलिलिटर ऑक्सिजन पोचलाच पाहिजे. मूत्रपिंडाची सौम्य इजा कमी झाली; तीव्र इजेत फरक दिसला नाही. २०२४ मध्ये ‘प्रोटेक्शन’ चाचणीत ३५११ जणांपैकी निम्म्यांना शिरेतून अमिनो आम्लं दिली. इजेचं प्रमाण ३१.७ वरून २६.९ टक्क्यांवर आलं. पेटंटही नाही, झगमगाटही नाही.

याच यंत्राचं धाकटं, पण दिवसेंदिवस चालणारं भावंड म्हणजे एक्मो. डिसेंबर २०१६ मध्ये जयललिता, नंतर कोविडच्या काळात एस. पी. बालसुब्रमण्यम, असं करत हा शब्द घरोघरी पोचला. त्याच्याभोवती आशेचं वलयही तेव्हाच चढलं. २०२० मध्ये मिनिआपोलिसमध्येच, लिलेहाय यांच्याच विद्यापीठात, हृदय बंद पडून आणलेल्या ३० जणांवर चाचणी झाली. नेहमीच्या उपचारांत ७ टक्के घरी गेले, एक्मोने ४३ टक्के. चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. पण २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या अनेक रुग्णालयांत तोच प्रयोग झाला, तेव्हा महिन्याभराने मेंदू शाबूत राहून जगलेले एक्मोने २० टक्के आणि नेहमीच्या उपचारांत १६ टक्के, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. मिनिआपोलिसच्या त्या चमूचा हात वर्षानुवर्षं बसलेला होता, आणि हात काही यंत्राबरोबर खोक्यातून येत नाही.

त्याच वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानंतर शॉकमध्ये गेलेल्या सव्वाचारशेच्या आसपास पेशंटांवरची जर्मन पुढाकाराची चाचणी आली. एक्मोच्या गटात ४७.८ टक्के गेले, दुसऱ्या गटात ४९. मध्यम ते तीव्र रक्तस्राव मात्र २३.४ विरुद्ध ९.६ टक्के. यातली गोम अशी की, एक्मो महाधमनीत रक्त उलट्या दिशेने ढकलतं, आणि हृदयाच्या आधीच दमलेल्या डाव्या कप्प्याला त्या दाबाविरुद्ध झगडावं लागतं. मग २०२४ मध्ये पायाच्या धमनीतून थेट डाव्या कप्प्यात सरकवायचा इवलासा पंप ‘डेंजर शॉक’ चाचणीत उतरला. सहा महिन्यांतले मृत्यू ५८.५ वरून ४५.८ टक्क्यांवर आले. त्याच चाचणीत डायलिसिसची पाळी या इवल्या पंपाच्या गटात ४१.९ टक्के पेशंटांवर आली, दुसऱ्या गटात २६.७ टक्के पेशंटांवर. मूत्रपिंडं पुन्हा रुसली होती.