बाहुलीला पांढरी साडी नेसवताना

संगणकाच्या पडद्यावर बोटभर उंचीची बाहुली काढायची, तिला मनासारखे कपडे घालायचे आणि त्या कपड्यांना छायाप्रकाश द्यायचा, हा एक छंद आहे. बाहुलीला कागदी कपडे घालण्याचा खेळ जुनाच. लंडनमध्ये १८१० साली अशी कागदी बाहुली गोष्टीच्या पुस्तकासोबत विकायला आली होती. १९९१ मध्ये जपानमध्ये हा खेळ संगणकावर आला. पुढे १९९५ मध्ये अमेरिकेत ‘द पॅलेस’ नावाची गप्पांची सोय निघाली. तिथे बोलणाऱ्याच्या जागी पडद्यावर त्याचे चित्र उभे राहत असे. ते चित्र आपणच सजवावे, या हौसेतून चौकोनी ठिपक्यांच्या बाहुल्या मुलींमध्ये लोकप्रिय झाल्या. या ठिपक्यालाच पिक्सेल म्हणतात.

मुलींना नटण्यामुरडण्याचा नाद लावणारा हा खेळ आपल्या घरात कशाला, असे काही पालक म्हणतील. पण कपडा ही क्षुल्लक गोष्ट नाही, हे आपल्या समाजाला तरी सांगायला नको. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत बदलायला सांगितले आणि जातीची ओळख सांगणारे जड दागिने टाकून द्यायला सांगितले. अंगावरच्या वस्त्रात माणसाचा मान असतो, हे बाबासाहेबांनी ओळखले होते.

बाहुलीही तशीच साधी गोष्ट नाही. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींनी १९४० च्या सुमारास लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे एकसारख्याच, फक्त रंगाने वेगळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, वाईट कोणती, असे विचारले. पुष्कळ मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या अभ्यासाची दखल घेतली. म्हणून आपल्या मुलीने बाहुली काढायची तर ती तिच्या आईसारखी, आजीसारखी दिसणारी काढावी. तिला पहिले वस्त्र पांढऱ्या साडीचे द्यावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो स्त्री-पुरुष शुभ्र वस्त्रे नेसून धम्मदीक्षेला जमले होते. शिवाय पांढरे कापड रंगवता आले की बाकीचे कुठलेही कापड सोपे जाते.

साहित्य आणि तयारी

संगणकावर विंडोजमधील ‘पेंट’ पुरे. मोबाईलवर पिक्सेल चित्रांची विनामूल्य अ‍ॅप्स मिळतात. दोन्ही नसेल तर चौकटीची गणिताची वही आणि रंगीत पेन्सिली घ्याव्यात. ज्या भगिनींनी दोसुतीवर क्रॉस स्टिच घातला आहे त्यांना ही कला परकी वाटणार नाही. एक टाका म्हणजे एक पिक्सेल.

प्रथम बाहुलीचे नुसते शरीर लागते. त्याला बेस म्हणतात. सुमारे १२० पिक्सेल उंचीचा बेस शिकणाऱ्याला बरा. दुसऱ्याने काढलेला बेस घेतला तर त्याच्या अटी वाचाव्यात आणि चित्राखाली त्याचे नाव लिहावे. न दिलेले घेऊ नये, हे पंचशीलातले दुसरे शील इथेही लागू आहे.

बेसचा रंग गुलाबी गोरा असेल तर तो बदलावा. पेंटमध्ये रंग लाल, हिरवा, निळा यांच्या ० ते २५५ या आकड्यांनी ठरवता येतो. सावळ्या कांतीसाठी मुख्य रंग १२८, ७८, ४८ घ्यावा. सावलीला ९२, ५२, ३८ आणि उजेडाला १६५, १०८, ७० घ्यावा. नंतर घरातल्या माणसांकडे पाहून हे आकडे कमीजास्त करावेत.

पांढऱ्याची सावली काळी नसते

नवशिक्याकडून पहिली गफलत इथे होते. पांढऱ्या कपड्यावर सावली म्हणून काळा किंवा राखाडी रंग लावला की कापड मळकट दिसते. दोरीवर वाळत घातलेले पांढरे धोतर नीट पाहावे. त्याच्या चुण्यांत निळसर छटा असते, कारण तिथे आकाशाचा उजेड पोचतो. म्हणून पाच रंग आधीच ठरवून चित्राच्या कोपऱ्यात त्यांचे ठिपके देऊन ठेवावेत:

कापडाचा मुख्य रंग २३६, २३८, २४३
हलकी सावली १९०, १९८, २१५
गडद सावली १४०, १५०, १७५
बाह्यरेषा ९५, १०५, १३५
सर्वात उजळ भाग २५५, २५५, २५५

निव्वळ पांढरा रंग शेवटी आणि मोजक्या ठिकाणी वापरावा. मुख्य कापडच निव्वळ पांढरे केले तर उजेड दाखवायला काही उरत नाही. चित्राची पार्श्वभूमी फिकट निळी किंवा करडी ठेवावी, म्हणजे साडी उठून दिसेल.

साडी नेसवणे

चित्र आठपट मोठे करून घ्यावे. ब्रश न घेता पेन्सिल घ्यावी, कारण तिने एका वेळी एकच चौकोन भरता येतो. साडीची बाह्यरेषा एक पिक्सेल जाडीची काढावी. रेषेत कुठेही फट राहू देऊ नये, नाहीतर आत ओतलेला रंग सगळ्या चित्रभर पसरतो. मग मुख्य रंग भरावा.

आता उजेड कुठून येतो ते ठरवावे. तो आपल्या डाव्या हाताला, वरून येतो असे धरू. मग प्रत्येक घडीची डावी बाजू उजळ आणि उजवी बाजू गडद, हा नियम शेवटपर्यंत मोडायचा नाही. पुष्कळ जण कपड्याच्या सगळ्या कडा गडद करतात आणि मधला भाग उजळ ठेवतात. त्याने बाहुली कापूस भरलेल्या उशीसारखी फुगलेली दिसते.

कापड जिथे अडकते तिथून घड्या सुरू होतात. साडी दोन ठिकाणी अडकते, कमरेला आणि खांद्याला. कमरेला खोचलेल्या निऱ्या सरळ खाली पडतात. पायाशी प्रत्येक निरी चार चौकोन रुंद धरावी: उजेडाचा एक, मुख्य रंगाचे दोन आणि सावलीचा एक. कमरेकडे जाताना तीच निरी दोन चौकोनांची होईल, एक मुख्य रंगाचा आणि एक सावलीचा. अशा पाच निऱ्या पुरेत. सगळ्या अगदी सारख्या काढू नयेत, एखादी थोडी अरुंद ठेवावी.

बाहुली आपल्याकडे तोंड करून उभी असल्याने तिचा डावा खांदा आपल्या उजव्या हाताला येतो. पदर त्या खांद्यावर जातो. म्हणून छातीवरच्या घड्या तिरप्या काढाव्यात आणि खांद्याशी एकत्र आणाव्यात. पदराच्या कडेखाली पोलक्यावर गडद सावलीची एक ओळ द्यावी. तेवढ्याने पदर अंगापासून सुटा दिसू लागतो.

काठ निळा द्यावा: ३५, ८०, १६५. काठ पट्टीने आखल्यासारखा सरळ नेऊ नये. निरी जिथे आत वळते तिथे तो एक चौकोन वर सरकवावा आणि सावलीच्या जागी गडद निळा, २२, ५०, ११५, भरावा. काठ निरीबरोबर वळला नाही तर तो वरून चिकटवल्यासारखा दिसतो.

हे सुती साडीचे झाले. सुती कापडात उजेडाकडून सावलीकडे जाताना मधली छटा द्यावी लागते. रेशमी साडीत लखलखीत उजेडाची रेघ आणि गडद सावली शेजारीशेजारी ठेवतात, त्यामुळे चकाकी येते. रंगीत कापडाला सावली देताना त्याच रंगात नुसता काळा मिसळू नये. पिवळ्याची सावली तपकिरीकडे आणि गुलाबीची जांभळ्याकडे न्यावी.

जपून ठेवताना

चित्र पीएनजी प्रकारात साठवावे. जेपीजीमध्ये कडेचे चौकोन धुरकट होतात आणि घातलेली मेहनत वाया जाते. छापण्यासाठी मोठे करायचे तर पुरते दुप्पट, तिप्पट किंवा चौपट करावे. दीडपट केले की काही चौकोन मोठे, काही लहान होतात.

एक साडी जमली की मुलांनी घरातल्या आजीला विचारावे, तुझ्या आईचे लुगडे कसे होते, कासोटा कसा घालत, लांबी पायात कुठवर येई? आजी सांगेल तसे दुसऱ्या बाहुलीला नेसवावे आणि दोन्ही चित्रे शेजारीशेजारी छापून घ्यावीत. महाडला बाबासाहेबांनी काय बदलायला सांगितले, ते मुलांना दाखवायला ही जोडी उपयोगी पडेल.