दारात आलेले उद्याचे डॉक्टर

मैत्रिणींनो, पेण काय किंवा रोहा काय, आपल्या गावातल्या दवाखान्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. बाकावर गर्दी, नंबर लागतो, डॉक्टर तपासतात आणि चिठ्ठी हातात पडते. "रक्त कमी आहे, गोळ्या घ्या." पण घरात सगळ्यांत शेवटी जेवायला कोण बसतं, तेव्हा पातेल्यात काय उरलेलं असतं, हे कुणी विचारत नाही. डॉक्टरांना तरी वेळ कुठे असतो म्हणा! पण बाईचं रक्त का कमी झालं, याचं उत्तर बहुतेकदा तिच्या स्वयंपाकघरातच असतं. ते दवाखान्याच्या टेबलापाशी कसं कळणार?

म्हणूनच वैद्यकीय शिक्षणात झालेला एक बदल आपल्या कानांवर असायला हवा. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 'कुटुंब दत्तक' कार्यक्रम आणला. प्रत्येक विद्यार्थ्याकडे खेड्यातली तीन ते पाच कुटुंबं सोपवायची. पहिल्या वर्षापासून त्याने त्याच घरांत पुन्हा पुन्हा जायचं, वजन-उंची पाहायची, रक्तदाब मोजायचा, मुलांच्या लशी झाल्या का ते विचारायचं. आपल्या जिल्ह्यात अलिबागला २०२१-२२ च्या तुकडीपासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तेव्हा अशी मुलं-मुली आता आपल्यापासून काही फार दूर नाहीत.

तशी ही कल्पना नवी नाही बरं का. वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, वैद्यकीय महाविद्यालय काढलं. तिथली प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते. मुलं पंधरा दिवस त्या गावातच मुक्काम करतात, प्रत्येकाला काही घरं वाटून दिली जातात आणि पुढेही त्या घरांशी येणं-जाणं ठेवावं लागतं.

यावर माझ्या ओळखीच्या एका आईची तक्रार अशी: "रात्रंदिवस घोकून पोरगी मेडिकलला लागली, आणि तिथे तिला वजनकाटा घेऊन दारोदार फिरवतात! अभ्यास कधी करायचा तिने?" आईचा जीव तो, तुटायचाच. पण हाही अभ्यासच आहे, आणि त्याचं मोल काय ते आपल्याच जिल्ह्याने पाहिलं आहे. १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीला सरकारी डॉक्टर म्हणून आले. लाल विंचवाच्या दंशाने तेव्हा कोकणात माणसं पटापट दगावत. डॉक्टर रोग्याच्या उशाशी रात्र-रात्र बसले. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, सगळं टिपत राहिले. त्यातूनच पुढे प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ झाला आणि जिथे शंभरातले चाळीसेक रोगी दगावत, तिथे हे प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुस्तकात नव्हतं ते त्यांना रोग्याच्या खाटेपाशी सापडलं!

आता दुसरी शंका. सक्तीने केलेली सेवा, ती सेवा कसली? खरं आहे. हजेरीपुरतं यायचं, वहीत आकडे भरायचे आणि निघून जायचं, तर गरिबाचं घर म्हणजे नुसतं सरावाचं सामान होईल. फरक पडतो तो पुन्हा येण्याने. पेण-रोह्याकडच्या कातकरी वाड्या पाहा. पावसाळा सरला की कितीतरी घरांना कुलूप लागतं, माणसं वीटभट्टीवर गेलेली असतात. एकदाच येणारा विद्यार्थी वहीत 'घर बंद' एवढंच लिहील. जो पुन्हा पुन्हा येईल, त्याला कळेल की बाळाची लस चुकली ती आईच्या हयगयीने नव्हे, पोटामागे गाव सोडावं लागलं म्हणून. ही समज आली की पुढे मोठा डॉक्टर झाल्यावर तो अशा आईवर खेकसणार नाही.

इथे आपलंही काम आहे. अशी मुलं आपल्या दारी आली तर नुसता चहा देऊन वाटेला लावू नका. लाजेखातर "सगळं छान आहे" असंही म्हणू नका. किती वेळा जेवता, पाळीचा त्रास आहे का, घरात दारू आहे का, हे विश्वास वाटेल तेवढं खरं सांगा. जे चारचौघांत सांगायचं नाही, ते बाजूला घेऊन सांगा. तपासणी नको असेल तर नको म्हणण्याचा हक्क आपला आहे. मुलांच्या लशींचं कार्ड, जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत जपून ठेवा. आणि जाताना विचारा, "पुन्हा कधी येणार?"

एक मात्र विसरू नका. ही मुलं अजून डॉक्टर झालेली नाहीत. त्यांच्याकडे औषध मागू नका. साप-विंचू चावला, छातीत कळ आली, गरोदर बाईच्या अंगावरून जाऊ लागलं, तर कुणाची वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा.

आणि ज्यांची लेक किंवा लेक मेडिकलला आहे, नव्हे, लेक असो वा मुलगा, त्या मैत्रिणींना एवढंच सांगणं. फोनवर मार्क तर आपण विचारतोच. त्याबरोबर हेही विचारा, "तुझ्या त्या घरातली आजी कशी आहे गं? तिची साखर उतरली का?" उत्तर चटकन आलं, तर समजा, शिक्षण योग्य वाटेने चाललं आहे.