विद्यापीठ ग्रंथालयातील एकत्रित शोधसाधन : मूल्यमापन आणि स्वीकार

सारांश

छापील ग्रंथ, ई-नियतकालिके, शोधप्रबंध आणि मुक्त संसाधने यांचा शोध एकाच ठिकाणाहून घेऊ देणाऱ्या साधनाचे स्वरूप, त्याच्या निवडीचे निकष आणि स्वीकारानंतरची कामे यांची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे. मराठी साहित्याच्या शोधाची कसोटी लावल्याशिवाय महाराष्ट्रातील विद्यापीठ ग्रंथालयाचे असे मूल्यमापन पूर्ण होत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : विद्यापीठ ग्रंथालय, एकत्रित शोध, डिस्कव्हरी सर्व्हिस, ओपॅक, युनिकोड, तालिकीकरण

१. प्रस्तावना

विद्यापीठ ग्रंथालयाचा संग्रह आता एका छताखाली राहिलेला नाही. ग्रंथांच्या नोंदी ओपॅकमध्ये, लेख प्रकाशकांच्या संकेतस्थळांवर आणि शोधप्रबंध इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या भांडारात असतात. प्रत्येक ठिकाणी शोधाची रीत वेगळी असते. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘गुगल स्कॉलर’ सुरू झाल्यानंतर एकाच चौकटीत शब्द लिहून उत्तर मिळविण्याची सवय संशोधकांनाही जडली आणि ग्रंथालयाने मोठा खर्च करून घेतलेली संसाधने वाचकाच्या नजरेआड राहू लागली.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेस मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना व केंद्र शासनाच्या संशोधन संस्थांना उपलब्ध होतात. उपलब्धतेचा प्रश्न अशा रीतीने सौम्य होत असताना शोधाचा प्रश्न मात्र तीव्र होतो. जे वाचकाच्या शोधात येत नाही, ते त्याच्यापुरते संग्रहात नसल्यासारखेच असते.

२. संकल्पना आणि विकास

एकत्रित शोधाचे दोन प्रकार संभवतात. पहिला प्रकार ‘फेडरेटेड सर्च’ हा होय. यात वाचकाचा प्रश्न एकाच वेळी अनेक माहितीसाठ्यांकडे पाठविला जातो आणि आलेली उत्तरे एकत्र मांडली जातात. झेड ३९.५० सारख्या संदेशवहन नियमांवर ही पद्धत आधारलेली होती. सर्वांत मंद साठ्याची वाट पाहावी लागणे, एकाच लेखाची पुनरावृत्ती होणे आणि उत्तरांचा समान क्रम न लागणे हे तिचे प्रमुख दोष होत.

दुसऱ्या प्रकारात प्रकाशकांकडून मेटाडेटा आणि शक्य तेथे पूर्ण मजकूर आधीच गोळा करून एक मध्यवर्ती निर्देशसूची तयार केली जाते व शोध त्या सूचीत होतो. यालाच ‘डिस्कव्हरी सर्व्हिस’ म्हणतात. सिरीयल्स सोल्युशन्सचे ‘समन’ २००९ मध्ये आणि ‘एब्स्को डिस्कव्हरी सर्व्हिस’ २०१० मध्ये उपलब्ध झाले. एक्स लिब्रिसच्या ‘प्रायमो’लाही याच सुमारास मध्यवर्ती सूचीची जोड मिळाली. खुल्या प्रणालींमध्ये अमेरिकेतील व्हिलानोव्हा विद्यापीठात विकसित झालेले ‘व्ह्यूफाइंड’ आणि व्हर्जिनिया विद्यापीठातून पुढे आलेले ‘ब्लॅकलाइट’ ही साधने उल्लेखनीय आहेत. मात्र त्यांच्याबरोबर व्यापारी साधनांसारखी लेखांची मध्यवर्ती सूची येत नाही.

३. मूल्यमापनाचे निकष

विक्रेते सामान्यतः सूचीतील नोंदींची एकूण संख्या पुढे करतात. ग्रंथालयाच्या दृष्टीने ती संख्या गौण आहे. पुढील निकष अधिक उपयुक्त ठरतात.

(अ) व्याप्ती : ग्रंथालयाच्या वर्गणीतील नियतकालिकांची यादी विक्रेत्याला देऊन प्रत्येक नियतकालिकाचा केवळ मेटाडेटा सूचीत आहे की पूर्ण मजकूरही आहे, आणि तो कोणत्या वर्षापासून आहे, याची लेखी माहिती घ्यावी.

(आ) निःपक्षता : काही साधने ज्या कंपन्यांची आहेत, त्याच कंपन्या माहितीसाठेही विकतात. स्वतःच्या सामग्रीला क्रमवारीत झुकते माप मिळते काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील निसो या प्रमाणक संस्थेने २०११ मध्ये ‘ओपन डिस्कव्हरी इनिशिएटिव्ह’ हाती घेतला व २०१४ मध्ये पारदर्शकतेविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या. २०२० मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. विक्रेता या शिफारशी पाळतो काय, हे निविदेतच विचारावे.

(इ) प्राप्ती : नोंद सापडणे पुरेसे नाही. लेखाचा दुवा प्रत्यक्ष उघडतो काय आणि ग्रंथ कपाटात आहे की वाचकाने नेला आहे हे दिसते काय, याची तपासणी करावी.

(ई) प्रत्यक्ष प्रश्नांची चाचणी : संदर्भसेवा विभागाकडे आलेल्या खऱ्या प्रश्नांतून तीस-चाळीस प्रश्न निवडावेत. त्यांपैकी काही ज्ञात ग्रंथाचे, काही विषयाचे असावेत. तेच प्रश्न प्रत्येक साधनाला, ओपॅकला व गुगल स्कॉलरला विचारून पहिल्या दहा उत्तरांत उपयुक्त किती, याची नोंद ठेवावी. ही चाचणी केवळ ग्रंथपालांनी करू नये. प्रथम वर्षाचे विद्यार्थी आणि संशोधक यांचाही तीत समावेश असावा.

४. मराठी साहित्याची कसोटी

इंग्रजी लेखांच्या शोधात उत्तम ठरलेले साधन मराठी ग्रंथांच्या बाबतीत अपुरे पडू शकते. याची कारणे लिपी, लेखन आणि व्याकरण या तिन्ही पातळ्यांवर आढळतात.

पहिले कारण संकेतनाचे. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहिता येतो, तसाच साधा ‘र’ आणि अदृश्य जोडचिन्ह वापरूनही लिहिता येतो. वाचकाच्या डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाला मात्र ती भिन्न वाटतात. युनिकोडपूर्व काळात विशिष्ट फाँटमध्ये केलेल्या नोंदी तर रूपांतर केल्याखेरीज शोधात येतच नाहीत.

दुसरे कारण लेखनभेदाचे. ‘ग्रंथ’ आणि ‘ग्रन्थ’ ही दोन्ही रूपे तालिकेत असू शकतात. जुन्या मुद्रणात ‘भाषेचें’, ‘कांहीं’ असे अनुस्वार आढळतात, तर आजचा विद्यार्थी ‘भाषेचे’, ‘काही’ असे लिहितो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ मधील व्याकरणासारखा ग्रंथ शोधताना एका अनुस्वारामुळे उत्तर शून्य येणे शक्य आहे.

तिसरे कारण लिप्यंतराचे. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव मराठी उच्चारानुसार रोमन लिपीत ‘डी’ या अक्षराने सुरू केले जाते. ग्रंथालयीन लिप्यंतरात ते ‘जे’ या अक्षराने सुरू होते. मार्क २१ या नोंद-आराखड्यातील ८८० क्रमांकाचे क्षेत्र पर्यायी लिपीतील रूपासाठी आहे. साधन ते क्षेत्र वाचते काय, हे पाहिले पाहिजे.

चौथे कारण सामान्यरूपाचे. ‘शेतकरी’ असे शोधल्यावर ‘शेतकऱ्यांच्या आत्महत्या’ या शीर्षकाची नोंद मिळते काय? इंग्रजीतील एकवचन-अनेकवचन सहज जुळविणारे साधन येथे अडखळू शकते. वरील चार प्रकारांचे किमान दहा प्रश्न चाचणीत असणे आवश्यक आहे.

५. स्वीकार आणि अंमलबजावणी

मूल्यमापनाचा निष्कर्ष खरेदीच असला पाहिजे असे नाही. नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपले ‘ओमेगा’ हे शोधयंत्र बंद करून त्याच्या जागी नवे डिस्कव्हरी साधन न घेण्याचा निर्णय घेतला. वाचक अन्यत्र शोध घेतात, तेव्हा ग्रंथालयाने प्राप्तीवर भर द्यावा, ही त्यामागील भूमिका होती. महाराष्ट्रातील ग्रंथालयाला मात्र हा मार्ग जसाच्या तसा अनुसरता येणार नाही, कारण येथील कित्येक मराठी ग्रंथांची नोंद स्थानिक तालिकेबाहेर कोठेच नसते. अशा नोंदी ग्रंथालयाने स्वतःच शोधयोग्य केल्या पाहिजेत.

साधन स्वीकारल्यास तालिकेची शुद्धी हे पहिले काम ठरते. फाँटरूपांतर, दुबार नोंदी काढणे, लेखकनामांचे प्रमाणीकरण व विषयशीर्षके भरणे ही कामे करारापूर्वीच सुरू व्हावीत. वर्गणीत बदल झाला की दुव्यांची यादी अद्ययावत करण्याची जबाबदारी नेमून द्यावी. नव्या साधनाबरोबर जुना ओपॅक किमान एक शैक्षणिक वर्ष चालू ठेवावा. शून्य उत्तर मिळालेल्या शोधांची यादी दरमहा तपासावी; तालिकेतील उणिवा तिच्यातून स्पष्ट होतात. करार संपल्यास स्थानिक नोंदी प्रमाणित स्वरूपात परत मिळतील, अशी अटही असावी.

६. समारोप

एकत्रित शोधसाधन हे चांगल्या तालिकेला पर्याय ठरत नाही. तालिकेचे गुणदोष ते अधिक ठळक करते. खर्च मर्यादित असल्यास खुली प्रणाली आणि शुद्ध केलेली तालिका यांचा मेळ अनेक ग्रंथालयांना परवडणारा ठरेल. मोठी संशोधन केंद्रे असलेल्या विद्यापीठांना व्यापारी सेवेची गरज भासू शकते. दोन्ही स्थितींत निर्णय स्थानिक वाचकांच्या प्रश्नांवर आधारलेला असावा. देवनागरीत प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्याच विद्यापीठातील ग्रंथ सापडणे, ही त्या निर्णयाची किमान अट होय.