रडारला दिसणारे तीन पूल

३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ उडाला आणि ‘ढगांतूनही फोटो काढणारा उपग्रह’ अशी त्याची ख्याती झाली. ढगांचं खरं आहे; फोटोचं तितकंसं नाही. त्याच्यावर आहे ते रडार; ते लहरी सोडतं, त्यांचा प्रतिध्वनी परतायला किती वेळ लागला ते मोजतं आणि उशिरा आला तो लांबून आला, असं निमूट धरून चालतं. रानावनात हे बरंचसं खपतं. माणसाने काही बांधलं, की फजिती होते.

पाण्यावरचा लांब, उंच पूल घ्या. काही लहरी पुलावर आपटून थेट परततात. काही पाणी आणि पूल अशा दोन्हींवर आपटून येतात, तर काही पाणी-पूल-पाणी असा आणखी लांबचा फेरा घालून. तीन वेळा, म्हणून चित्रात शेजारीशेजारी तीन पूल! (त्यांच्यातल्या अंतरावरून पुलाची उंची काढता येते, हा वरकड नफा.)

इमारतींची गंमत कॅरम खेळणाऱ्यांना चटकन कळेल. कोपऱ्यालगत एका कडेला लागलेला स्ट्रायकर दुसऱ्या कडेला लागून आल्या वाटेला समांतर माघारी फिरतो. मधे पॉकेटने गिळला नाही तर, अर्थात. जमीन आणि भिंत मिळून असाच काटकोन होतो आणि लहर रडारकडेच परतते, म्हणून इमारत चित्रात उजळ दिसते. निसारच्या २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरींना तर डांबरी रस्ताही आरशासारखा गुळगुळीत. मात्र भिंतीचं तोंड रडारकडे हवं. तिरकी असली की लहर भलतीकडेच. १९९४मध्ये ‘एन्डेव्हर’ शटलमधल्या रडारने टिपलेल्या सॅन फ्रान्सिस्कोत मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेचा भाग झगझगतो, तो तिथल्या रस्त्यांची आखणी रडारच्या सोयीची पडली म्हणून. उजळपणावरून वस्तीची दाटी ठरवायला गेलात, तर फसलात.

म्हणूनच पूर आला की टीव्हीवर झळकणारे उपग्रहाचे रंगीत नकाशे मी जरा बिचकतच पाहतो. शेतात पसरलेलं संथ पाणी काळं दिसतं, कारण लहर त्यावरून पुढे निसटते. पण घरांमधल्या खडबडीत जमिनीवर पाणी चढलं, की काटकोनाची एक बाजू चकचकीत होते आणि बुडालेली वस्ती उलट उजळू शकते. ‘काळं ते पाणी’ एवढंच शिकवलेला संगणक तिला खुशाल कोरडी ठरवतो.

काटकोनाच्या याच खोडीला शास्त्रज्ञांनी कामाला जुंपलंय. कॅलिफोर्नियात रोझामंडच्या कोरड्या तळ्यावर ‘नासा’च्या ‘जेपीएल’ प्रयोगशाळेने धातूचे तीन पत्रे काटकोनात जोडून केलेले कोपरे मुद्दाम उभे केले आहेत. त्यांची मापं ठाऊक, म्हणजे प्रतिध्वनी किती जोरकस यायला हवा तेही ठाऊक. वरून जाणाऱ्या रडारचा हिशेब तिथे तपासला जातो.